काढलेल्या ओळी दाखव

‘कमांड चालली, मॅडम, एकही एरर आला नाही,’ हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नकोस. एरर आला नाही म्हणजे काम बरोबर झालं, हा तुझा समज आज मोडायचा आहे. तुझ्या मागे बसलेल्यांचाही तोच समज आहे, म्हणून मी तुला बाजूला घेऊन बोलत नाही. पोट्टेहो, वह्या बंद करा आणि सगळे ऐका.

तुला काय दिलं होतं? कापूस उत्पादकांची एक साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक शेतकरी: नाव, गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र, बँकेचं खातं. गावोगावच्या पोरांनी ती टाइप केली होती, कुणी मोबाइलवर, कुणी जुन्या विंडोजवर. त्यामुळे ओळींच्या आगेमागे मोकळ्या जागा होत्या, मधेच कोऱ्या ओळी होत्या, काही नावं दोनदा आली होती, अंक कुठे मराठी तर कुठे इंग्रजी होते. ओळी साफ कर, एवढंच सांगितलं होतं. तू परत आणलेल्या फाइलीत नाव नाही, गाव नाही, तालुका नाही. स्वल्पविराम आहेत आणि इंग्रजी अंक आहेत. मूळ फाइल दाखव म्हटलं, तर म्हणतोस, हीच ती. कापसातली पत्ती काढायला सांगितली तर रुई फेकून पत्ती गाठोड्यात बांधणारा माणूस या जिल्ह्यात कुणी पाहिला नसेल. तू नेमकं तेच केलंस.

तुझ्या टर्मिनलची हिस्टरी मी वाचली. तिथे टीआरची एक कमांड आहे: छापता येण्यासारखी अक्षरं ठेव, बाकीची उडव. ती कुठून आणलीस हे मी विचारत नाही. तिचा अर्थ काय, हे तू कुणाला विचारलंस का? मॅन पान उघडलंस का? लिनक्सवरचा टीआर अक्षर बघत नाही, बाइट बघतो. इंग्रजीचं अक्षर एका बाइटचं असतं, म्हणून इंग्रजी फाइलीवर ती कमांड चालून जाते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं आहे, आणि त्या तिन्हींपैकी एकही बाइट टीआरच्या लेखी छापता येण्यासारखा नाही. तुझी कमांड अगदी सांगितल्याप्रमाणे चालली. शेतकऱ्यांची नावं तिला कचरा वाटली, कारण कचरा म्हणजे काय हे तू दुसऱ्या भाषेतल्या माणसाकडून जसंच्या तसं उचललं होतंस.

ही साधनं कधीची आहेत हे तरी माहीत करून घ्या. ग्रेप केन थॉम्पसनचं. सेड ली मॅकमहननं १९७३-७४ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये लिहिलं. एका कमांडचं आउटपुट दुसरीत सोडणारा पाइप डग मॅकिलरॉयच्या आग्रहामुळे १९७३ साली युनिक्समध्ये आला. ऑक १९७७ चं. एहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आडनावांवरून ते नाव पडलं. युटीएफ-८ आलं १९९२ मध्ये, तेही थॉम्पसन आणि रॉब पाइकच्याच हातून. म्हणजे सेड लिहिलं गेलं तेव्हा संगणकावर ‘यवतमाळ’ हा शब्द लिहिण्याची सर्वमान्य रीतच नव्हती. काही साधनं पुढे शिकली, काही शिकली नाहीत. आजही अनेक लिनक्सवर कटला ‘पहिली दहा अक्षरं दे’ म्हटलं तर तो दहा बाइट मोजतो आणि चौथ्या चिन्हाच्या पोटात कात्री चालवतो. सेड मात्र लोकेल, म्हणजे सिस्टिमची भाषा-लिपीची सेटिंग, नीट असेल तर मराठी चिन्ह ओळखतं. कोणतं साधन शिकलंय आणि कोणतं नाही, हे ठाऊक नसताना गावाच्या यादीवर हात टाकायचा अधिकार तुम्हाला नाही.

अंकांचंही तसंच. मराठी अंकांचे इंग्रजी अंक करायला शेजारच्या बाकावरच्यानं टीआरच वापरला. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो. तो बाइट बदलला की फक्त अंक नाही, फाइलीतलं अक्षर न् अक्षर मोडतं. हे काम सेडच्या वाय या आज्ञेचं: डावीकडे दहा मराठी अंक, उजवीकडे दहा इंग्रजी. तेही लोकेल युटीएफ-८ असेल तरच. हीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून चालवलीत, तर तिथे बहुधा लोकेल नुसता सी असतो आणि सेड तक्रार करतं की दोन्हीकडची लांबी सारखी नाही. ही तक्रार करतं तेव्हा सेडचे आभार माना. तक्रार न करता बिघडवणारी साधनं जास्त आहेत.

आता मूळ फाइलीबद्दल. हा अपराध टीआरहून मोठा आहे. टीआर समजला नाही हे अज्ञान झालं. मूळ फाइलीवर हात चालवणं ही बेपर्वाई झाली. तू नवी फाइल बनवलीस आणि एमव्ही करून जुनीवर बसवलीस, उघडून न बघता. तुझ्या मित्रानं सेड मायनस आय वापरलं, म्हणजे जागेवरच बदल. त्या आयला चिकटून ‘डॉट बॅक’ लिहिलं असतं तर जुनी प्रत आपोआप राहिली असती, तेवढे कष्ट त्याला जड झाले. तिसऱ्यानं सॉर्टमध्ये जी फाइल वाचायला दिली तीच बाणाच्या खुणेनं लिहायलाही दिली. शेल आधी लिहायची फाइल रिकामी करतो आणि मग कमांड सुरू करतो. सॉर्टला वाचायला काही उरलंच नाही. त्यानं शून्य ओळी नीट क्रमानं लावल्या आणि एरर न देता संपला. म्हणून म्हणते, एरर आला नाही हे मला सांगू नका.

मूळ फाइल आली की पहिलं काम तिची प्रत करणं, दुसरं काम मूळ फाइलीवरची लिहिण्याची परवानगी काढून टाकणं, तिसरं काम तिचा शा-२५६ चा ठसा टिपून ठेवणं. त्यानंतरच फाइल उघडून बघायची. ही तीन कामं मिनिटभरात होतात.

बघणं म्हणजे एडिटरमध्ये वरवर स्क्रोल करणं नाही. कॅट मायनस कॅपिटल ए करून बघा. मराठी अक्षरांच्या जागी एम आणि चिन्हांची लांब रांग दिसेल, तिला घाबरू नका. ओळीचा शेवट बघा. नुसती डॉलरची खूण असेल तर ओळ सरळ आहे. डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसला तर ती ओळ विंडोजवरून आली आहे आणि तिच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न बसलं आहे. ते शेवटच्या रकान्याला चिकटतं. तालुक्याच्या नावामागे अशीच न दिसणारी स्पेस राहिली की पडद्यावर दोन्ही ‘वणी’ सारखेच दिसतात आणि युनिक मायनस सी त्यांना दोन वेगळे तालुके म्हणून मोजतं. काल तुमच्यातल्या एकीनं मला सांगितलं की यादीत सोळाऐवजी एकवीस तालुके निघतात. यवतमाळ जिल्ह्यात सोळाच तालुके आहेत, हे तिला माहीत होतं. एकवीस कसे झाले हे तिनं शोधलं नाही. जास्तीचे पाच हातानं खोडले. त्या पाचांच्या खाली जी माणसं होती ती कुठे गेली?

ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढायची सेडची आज्ञा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. ती साधी स्पेस काढते, टॅब काढते, कॅरेज रिटर्नही काढते. वेब पानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात जी न तुटणारी स्पेस येते, ती मात्र लिनक्सच्या स्पेस या वर्गात मोडत नाही, म्हणून ती तशीच राहते. एक्सेलनं युटीएफ-८ म्हणून साठवलेल्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचे तीन बाइट असतात. ते पहिल्या शीर्षकाला चिकटतात आणि मग ‘नाव’ हा रकाना शोधून सापडत नाही. हे सगळं एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. तुम्ही कुणीच पाहिलेलं नाही.

आता त्या वणीकडे या. वणी तालुक्याच्या ओळी वेगळ्या करायच्या होत्या. तू ग्रेप मायनस व्ही लावून ज्या ओळीत ‘वणी’ आहे ती प्रत्येक ओळ काढलीस. श्रावणी नावाची प्रत्येक बाई त्यात गेली, मग ती उमरखेडची असो की पुसदची. नेर तालुका काढताना प्रत्येक नेरकर गेला. ‘कळंब’ शोधताना कळंबे आडनावाची माणसं सापडली. ग्रेपला तालुका म्हणजे काय ते कळत नाही, त्याला अक्षरांची ओळ कळते. तालुका तिसऱ्या रकान्यात आहे, तर ऑकला सांग की तिसरा रकाना बरोब्बर ‘वणी’ असेल तरच. आणि तेही डोळे झाकून नको. कुणी गावाच्या जागी पत्ता लिहून त्यातच स्वल्पविराम टाकला असेल, ‘मु. पो. अमुक, ता. तमुक’ असा, तर ऑकचा तिसरा रकाना सरकतो. म्हणून आधी प्रत्येक ओळीत रकाने किती आहेत ते मोजायचं. सगळीकडे सहा पाहिजेत. जिथे सात निघतील त्या ओळी वेगळ्या फाइलीत काढायच्या आणि माणसानं बसून वाचायच्या.

दुबार नावांचं प्रकरण याहून गंभीर आहे. युनिक फक्त एकाखाली एक लागून आलेल्या सारख्या ओळी काढतं, हे तुझ्या लक्षात नव्हतं, म्हणून पहिल्या वेळी काही निघालं नाही. मग कुणीतरी तुला सॉर्ट मायनस यू सांगितलं आणि तू ते फक्त नावाच्या रकान्यावर चालवलंस. पुसद, दिग्रस, महागावच्या बाजूला तांडे आहेत. एका तांड्यात राठोड किती, जाधव किती, चव्हाण किती, आडे किती, तुला मी सांगायला नको, तू तिकडचाच आहेस. झरी जामणी आणि केळापूरकडच्या वस्त्यांत आत्राम, मडावी, टेकाम किती? नाव, बापाचं नाव, आडनाव तिन्ही जुळणारी दोन वेगळी जिवंत माणसं एकाच गावात असतात. एकाच माणसाचे दोन गट असतात, तेव्हा दोन्ही ओळी खऱ्या असतात. तुझ्या एका मायनस यूनं त्यातलं एक घर यादीतून उठलं. ओळ हुबेहूब सारखी असेल, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, तर ती दुबार म्हण. नुसतं नाव सारखं असेल तर त्याला ‘तपासायचं’ म्हण. यादीत दोन नावं सारखी आहेत म्हणून माणूस एकच आहे, हे ठरवायला गट क्रमांक लागतो, खातं लागतं, कधी तलाठ्याला विचारावं लागतं. सॉर्टला ते ठरवता येत नाही आणि बाकावर बसून तुलाही येत नाही.

उलटा प्रकारही होतो. सारखंच नाव, पण संगणकाला दोन दिसतात. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्दच घ्या. त्यातला ‘ऱ्य’ दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत नुक्त्याचा ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असतं. दुसरीत साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक असतो. पडद्यावर अक्षर एकच, बाइट वेगळे. वऱ्हाड, कुऱ्हाडे, गोऱ्हे, सगळ्यांची हीच गत. तुमच्यातल्या एका हुशारानं न दिसणारी सगळी चिन्हं एका झटक्यात काढली. जोडक गेला आणि ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ झालं. न दिसणारं म्हणजे निरुपयोगी, हे कुणी शिकवलं तुम्हाला? आधी सगळीकडे एकच रीत आणायची: ‘र’, हलंत आणि जोडक जिथे असतील तिथे ‘ऱ’ आणि हलंत ठेवायचे. मग उरलेले जोडक मोजायचे आणि ते कुठे कुठे आहेत ते वाचायचं. त्यानंतर काढायचे की नाही हा प्रश्न. झरी जामणी, झरी-जामणी, झरीजामणी हा तिसरा प्रकार. तिथे संगणकाची चूक नाही, माणसांनी तीन तऱ्हांनी लिहिलं आहे. त्यासाठी एक तक्ता करा, डावीकडे लिहिलेलं, उजवीकडे अधिकृत नाव, आणि तो तक्ता फाइलीसोबत ठेवा. केळापूर तालुक्याचं ठिकाण पांढरकवडा आहे, म्हणून लोक तालुक्याच्या रकान्यात पांढरकवडा लिहितात. हे कोणत्याही रेग्युलर एक्स्प्रेशनला माहीत असणार नाही. जिल्हा माहीत असलेल्या पोरालाच माहीत असणार, आणि म्हणूनच हे काम तुम्हाला दिलं होतं.

शेवटच्या शेतकऱ्याचं काय झालं, ते कुणाला सांगता येईल? कुणालाच नाही. मग ऐका, कारण मला यावरच सर्वांत जास्त राग आला. तुमच्यापैकी काहींना गावागावच्या फाइली सुट्या दिल्या होत्या. टाइप करणाऱ्यानं शेवटच्या नावानंतर एंटर दाबलं नसेल, तर त्या ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची खूण नसते. अशा फाइली कॅटनं एकामागे एक जोडल्या की पहिल्या गावाचा शेवटचा माणूस आणि दुसऱ्या गावाचा पहिला माणूस एकाच ओळीत चिकटतात. दोघांची एक ओळ. रकाने मोजले असते तर अकरा निघाले असते आणि लगेच कळलं असतं. आणि ज्यांनी फाइली न जोडता शेलच्या व्हाइल रीडनं एकेक ओळ वाचली, त्यांच्याकडे ती शेवटची ओळ लूपच्या आत आलीच नाही. रीडला ओळ मिळते, पण खूण मिळाली नाही म्हणून ते अपयश कळवतं आणि लूप थांबतो. प्रत्येक गावाचा शेवटचा शेतकरी गेला. डब्ल्यूसी मायनस एलसुद्धा ओळी नाही, खुणाच मोजतं, म्हणून आधीची आणि नंतरची मोजणी जुळली आणि तुम्ही निर्धास्त झालात. रीडसोबत मायनस आर लावा, नाहीतर उलटी तिरकी रेघ गिळली जाते. आयएफएस रिकामं ठेवा. शेवटच्या अर्धवट ओळीची अट लूपमध्येच लिहा. आणि शक्य असेल तिथे लूप लिहूच नका, ऑकला द्या. ऑक ती शेवटची ओळ सोडत नाही.

‘एक-दोन ओळींनी काय होतं मॅडम’ असं मागून कुणीतरी म्हणालं. उभं राहायची गरज नाही, फक्त ऐका. २०१७ च्या जूनमध्ये राज्यानं कर्जमाफी जाहीर केली: ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी हे आकडे तेव्हा सांगितले गेले. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ होणार होतं. अर्ज ऑनलाइन भरायचे होते. यवतमाळात माणसं केंद्रांसमोर रांगा लावून उभी राहिली. १८ ऑक्टोबरला, दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली. आणि मग काम अडलं, कारण बँकांनी दिलेली माहिती आणि शेतकऱ्यांचे अर्ज जुळेनात. एका आधार क्रमांकावर अनेक नावं निघाली, नावं एकीकडे एक तर दुसरीकडे वेगळी. याद्या पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या, हिरव्या, म्हणजे पात्र नावांच्या यादीत नाव येण्याची वाट बघत महिने गेले. तिथे पैसा नव्हता असं नाही. ओळी जुळत नव्हत्या. ‘माहं नाव काऊन नाही यादीत?’ हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला त्याच्या नावामागे एक जास्तीची स्पेस आहे हे कुणी सांगू शकलं नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ ला पीएम किसानचा सोळावा हप्ता यवतमाळच्याच कार्यक्रमातून सुटला. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. त्या प्रत्येक हप्त्यामागे कुठेतरी एक ओळ असते आणि ती आधारवरच्या नावाशी जुळावी लागते. २०२५ च्या हंगामात कापसाची सरकारी खरेदी करणाऱ्या सीसीआयला हमीभावानं कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागली. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ८,११० रुपये क्विंटल होता. ज्याची नोंद अडकली त्याला मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला कापूस द्यावा लागतो. आता सांगा, एका ओळीनं काय होतं.

आणि ओळी जास्त असल्या तरी तेवढंच वाईट. याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर जन्माच्या २७ हजारांवर नोंदी झाल्याचं २०२५ च्या शेवटी उघडकीस आलं. गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास. ते प्रकरण पोलिसांचं आहे, त्यात आपण बोलायचं नाही. पण तुम्ही यातून घ्यायचं ते असं, की कोणतीही यादी हातात आली की गावाचा रकाना काढा, सॉर्ट करा, युनिक मायनस सीनं मोजा, पुन्हा आकड्यानं उलटं सॉर्ट करा आणि वरच्या दहा ओळी डोळ्यांनी वाचा. एका ओळीची कमांड आहे. जे गाव वस्तीपेक्षा मोठं दिसेल तिथे थांबा.

काही गोष्टी साफ होत नाहीत, हेही कबूल करायला शिका. खात्याचा क्रमांक एक्सेलमध्ये आकडा म्हणून गेला की पुढची शून्यं जातात. एक्सेल पंधराच अंक खरे ठेवतं. सोळावा अंक शून्य होतो. असा क्रमांक सेडनं परत येत नाही, ऑकनं येत नाही. तू तिथे अंदाजानं पुढे शून्यं लावलीस. बँकेच्या खात्यात अंदाज करतात? ती ओळ बाजूला काढायची आणि पासबुक बघून घ्यायची. तसंच जुन्या कृती देव फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्यांचं. फाँट काढला की खाली इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो, कारण ती मराठी कधी युनिकोडमध्ये नव्हतीच. आयकॉन्व्हनं ती बदलत नाही. त्यासाठी वेगळा परिवर्तक लागतो आणि नंतर माणसानं एकेक ओळ वाचावी लागते.

आणखी एक. तुमच्यापैकी दोघांनी ही फाइल साफ करायला एका वेबसाइटवर चढवली. लोकांची नावं, खाती, सगळं. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे हे तुम्ही परीक्षेत लिहिता. शेल तुमच्या मशीनवर आहे, तुमच्या हातात आहे, फाइल खोलीबाहेर न जाता हे काम होतं, म्हणून तर मी शेल शिकवते. ज्यांनी चढवली त्यांनी आज संध्याकाळपर्यंत मला लेखी द्यायचं: कुठे चढवली, केव्हा, काय काय होतं त्यात. फाइल ज्यांची आहे त्या लोकांना आपण ते कळवणार आहोत.

सातबारा संगणकावर आणताना सरकारनं २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन केलं. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याचं नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, त्यानं तिथल्या तिथे हरकत घ्यायची. खर्चाचं, वेळखाऊ काम होतं, तरी केलं, कारण संगणकात जे गेलं ते बरोबर आहे हे फक्त ज्याची जमीन आहे तोच सांगू शकतो. तुमच्याकडे चावडी नाही, पण डिफ आहे. मूळ आणि साफ केलेली यांतला फरक डिफ ओळ न् ओळ दाखवतो. तो फरक तुमच्यापैकी एकानं तरी वाचला का? साफ केलेली फाइल सुंदर दिसते हे मला नको. काय काढलं ते मला पाहिजे.

म्हणून आता काम असं होईल. मूळ फाइल माझ्याकडे आहे. तू बिघडवशील हे मला माहीत नव्हतं, पण देण्याआधी प्रत ठेवायची माझी रीत आहे. तीच प्रत पुन्हा देते. टर्मिनलवर सुटी कमांड मारायची नाही, सगळं स्क्रिप्टमध्ये लिहायचं आणि स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवायची, म्हणजे कुणालाही पुन्हा चालवून तेच उत्तर आलं पाहिजे. स्क्रिप्टच्या वर लोकेल स्वच्छ लिहायचा. चूक झाली की तिथेच थांबेल अशी सेट मायनस ई आणि यू ची ओळ टाकायची. शेलचेकमधून काढायची आणि त्याची प्रत्येक सूचना वाचायची. एका टप्प्यात एकच बदल: आधी कॅरेज रिटर्न, मग मोकळ्या जागा, मग कोऱ्या ओळी, मग अंक, मग ‘ऱ’. दुबार सर्वांत शेवटी, आधीचं सगळं सरळ झाल्यावर, नाहीतर सारख्या ओळी सारख्या दिसणारच नाहीत. प्रत्येक टप्प्यानंतर ओळी मोजायच्या, अंक इंग्रजी झाल्यापासून क्षेत्राच्या रकान्याचीही, काढलेल्या ओळी धरून, ऑकनं बेरीज करायची आणि आधीच्या बेरजेशी ताडून बघायची. हेक्टर कमी झाले तर कुणाचं तरी शेत गेलं आहे, ते सापडेपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावायचा नाही. एकही ओळ पुसायची नाही; जी काढाल ती वेगळ्या फाइलीत जाईल आणि तिच्यापुढे कारण लिहिलेलं असेल. कोरी होती, हुबेहूब दुबार होती, रकाने जास्त होते, जे असेल ते. राहिलेल्या आणि काढलेल्या ओळी मिळून मूळ संख्या आली पाहिजे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

तुला हे येतं, म्हणून मी एवढं बोलते आहे. ज्याला येत नाही त्याला मी फाइल दिली नसती. महागावच्या तांड्यांतली नावं तू वाचून ओळखू शकतोस, घाटंजीतलं गाव राळेगावात टाकलेलं तुझ्या लक्षात येतं; मुंबई-पुण्याच्या कंपनीत बसलेल्या माणसाला ते जमणार नाही. आणि तूच ती नावं न वाचता टीआरच्या हवाली केलीस, हे मी सहज सोडणार नाही.

सोमवारी सकाळी पहिल्या तासाला ये. काढलेल्या ओळींची फाइल आधी उघडायची, साफ झालेली नंतर. प्रत्येक काढलेल्या ओळीचं कारण तू उभा राहून वाचशील आणि वर्ग ऐकेल. एखाद्या ओळीचं कारण सांगता आलं नाही, तर ती ओळ यादीत परत जाईल.